सुभेदारांच्या तीन हाका

सुभेदारांकडे शिक्षा एकच होती. चूक केलेल्या माणसाला ते उभं करत आणि त्याच्या पडद्यावर यंत्राने जे काही लिहिलं असेल ते मोठ्याने वाचायला लावत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, फायलींच्या लांबलचक पत्त्यांसकट. मध्ये तिरपी रेघ आली तर ‘तिरपी रेघ’ असं म्हणायचं, गाळायची नाही. वाचून झालं की ते शांतपणे विचारत, “यात यंत्र काय म्हणतंय?” आपण सांगायचं, “ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजची आहे, असं म्हणतंय.” “मग तुम्ही काय करत होतात?” “तिची जागा घेत होते.” “कोणाला विचारून?” मग ते म्हणत, “बसा.” त्या एका ‘बसा’ने माझा जेवढा अपमान झाला तेवढा पुढे सासरीसुद्धा झाला नाही, आणि माझ्या सासूबाई काही कमी नव्हत्या.

आमचं ऑफिस ग्वाल्हेरला फूलबागेजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं, खाली सायकलींचं दुकान. लहानमोठ्या सरकारी कचेऱ्यांना आम्ही लिनक्स बांधून देत होतो. म्हणजे दूरदेशीच्या लोकांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं लिनक्स घ्यायचं, आपल्याकडच्या कारकुनांना लागणारे प्रोग्रॅम त्यात घालायचे, आणि काही तुटणार नाही असं बांधून पाठवायचं. हे बांधायचं खातं सुभेदारांचं. कागदोपत्री त्यांचं आडनाव वेगळं होतं. पण त्यांचे खापरपणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आले आणि शिंदे की छावनीत राहिले, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत, म्हणून सुभेदार. स्वतः त्यांनी जन्मात हातात काठी धरली नव्हती. किडकिडीत अंगकाठी, सदऱ्याचं वरचं बटण ऐन मे महिन्यातही लावलेलं, खिशात दोन पेनं. निळं मंजूर करायला, लाल परत पाठवायला. निळ्यातली शाई केव्हाच वाळून गेली आहे, अशी आमच्यात वदंता होती.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. पॅकेज म्हणजे एक गाठोडं. आत फायली आणि वर चिठ्ठी. आत काय आहे, याला आणखी कोण कोण लागतं आणि कोणाशी याचं पटत नाही, हे चिठ्ठीत लिहायचं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. अनेक प्रोग्रॅम जिच्याकडून आपलं काम करून घेतात, अशी एक फाइल. दहा प्रोग्रॅम एकीच्या जिवावर चालतात, म्हणून ती हलली की दहा घरं हलतात. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक नियम आहे, जो सुभेदारांनी केलेला नाही पण ते असा पाळत की त्यांनीच केला असावा असं वाटे. एका जागेवरच्या एका फाइलीचा मालक एकच. दुसरं गाठोडं त्याच नावाची फाइल त्याच जागी ठेवू लागलं, की यंत्र तिथल्या तिथे थांबतं आणि नाही म्हणतं.

असं भांडण लागलं तर काय करायचं, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. फळ्यावर त्यांनी दोन चुली काढल्या. चित्रकला त्यांना अजिबात येत नव्हती, त्या चुली मला दोन कासवांसारख्या दिसल्या. “ही थोरली जाऊ, ही धाकटी,” ते म्हणाले. “दोघींचं नाव एकच असेल, तर हाक कोणालाही मारा, दोघी धावणार आणि दारात डोकं आपटणार. मग काय करायचं? एकीच्या नावापुढे आकडा घाला. तिला निराळी जागा द्या. तिच्यावर ज्यांचं चालतं त्यांना नवं नाव कळवा. चूल वेगळी, संसार सुरू. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कुणाला घराबाहेर काढायच्या आधी हे करून बघायचं असतं.” मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, कासवांसकट.

सुभेदारांचा राग दोन मजली होता. खालचा मजला हिंदी. “ये क्या तमाशा लगा रखा है?” असं आलं की ते सगळ्या खोलीला उद्देशून असे आणि कोणी मनावर घेत नसे. वरचा मजला मराठी, तो फक्त आम्हां मराठी मंडळींसाठी राखीव. त्यात आवाज उलट खाली जाई आणि ‘तुम्ही’ जास्तच आदरार्थी होई. बाकीची पोरं मला म्हणत, “तेरा अच्छा है, तुझे तो अपनी भाषा में डाँटते हैं.” सुख म्हणजे नक्की काय असतं ते यांना दाखवावं, असं मला वाटे.

एवढ्या कडक माणसाला फसवणं मात्र कमालीचं सोपं होतं. गाठोड्यातलं खोटं त्यांना शंभर पावलांवरून दिसे, माणसातलं अजिबात दिसत नसे. आमच्यातल्या एकाने एका वर्षात आपली आजी तीनदा मारली आणि तिन्ही वेळा रजा घेतली. तिसऱ्या वेळी सुभेदार हळहळून म्हणाले, “बिचाऱ्याच्या घरात म्हातारी माणसं फार.” मी म्हटलं, “सर, तुम्हाला संशय नाही येत?” ते खरंच गोंधळले. “का बरं? त्याने लिहून दिलंय.” त्यांच्या लेखी माणूसही चिठ्ठीसारखाच होता. वर जे लिहिलंय तेच आत असणार.

आता माझ्याबद्दल. लिनक्समध्ये एक आज्ञा आहे, जिने यंत्राचा नकार दाबून टाकता येतो. ‘असू दे दुसऱ्याची, तू ठेव माझी फाइल’ असं त्याला बजावायचं. सुभेदार तिला जबरदस्ती म्हणत. एका दुपारी मला घाई होती, दोन पॅकेजांचं एका क्षुल्लक फाइलीवरून अडलं होतं, आणि मी जबरदस्ती केली. शिवाय ती तशीच पाठवायच्या गाठोड्यात राहू दिली. आठवड्याभरात अकरा कचेऱ्यांतली छपाई बंद पडली. दुरुस्ती फोनवर सांगण्यासारखी होती, प्रत्येकी दहा मिनिटं. सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि ते रागाच्या वरच्या मजल्यावर गेले. “फोनवर होईल हे खरं आहे. पण आपण समक्ष जाणार आहात.” लाल पेनाने त्यांनी अकरा गावं लिहिली, कुठल्या दिवशी कुठे तेही लिहिलं. प्रत्येक ठिकाणी यंत्र दुरुस्त करायचं, तिथल्या बाबूपुढे उभं राहून ‘मैंने ज़बरदस्ती की थी’ असं म्हणायचं, आणि कागदावर त्याची सही आणायची.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. मी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला, तो ते नेहमीच ठेवत. “हळद कधी आहे?” त्यांनी विचारलं. “परवा सकाळी.” त्यांनी यादीकडे पाहिलं. “परवा भिंड आहे,” ते म्हणाले.

मी भिंडला गेले. तिथला बाबू वयस्क होता. मी उभी राहून ते वाक्य म्हटलं तर तो बिचारा स्वतःच उठून उभा राहिला. “अरे बिटिया, इतनी सी बात के लिए इतनी दूर आ गई? फ़ोन कर देतीं.” त्याने चहा मागवला. त्या कागदावर त्याच्या सहीजवळ शाई पसरली आहे, ती चहाने नव्हे. संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा मांडव झाडून झाला होता आणि वाटीत उरलेली हळद वाळून तिला भेगा पडल्या होत्या. आई म्हणाली, “खाणं खाऊन घे, थकली असशील.” मी त्यानंतर आजपर्यंत एकदाही जबरदस्ती केलेली नाही, हे सुभेदारांचं देणं आहे आणि ते मी मानते. त्यानंतर मी त्यांचा मनापासून द्वेष करू लागले, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मी भिंडच्या एकाच बसमधून घरी आणल्या.

पुढच्या वर्षी आमची संस्था इंदूरच्या एका संस्थेत विलीन झाली. विलीनीकरण या शब्दाची ग्वाल्हेरच्या मराठी घरांना जुनी धास्ती आहे. आमच्या आजोबांनी स्वातंत्र्यानंतर संस्थानाचं विलीनीकरण होताना पाहिलं होतं. दोन राजधान्यांची खाती एक झाली आणि एकेका खुर्चीसमोर दोन दोन कारकून उभे राहिले, असं ते सांगत. तेव्हाही ग्वाल्हेर आणि इंदूरच होतं. या वेळी इंदूरहून एक नवे साहेब आले. तरुण, गोड बोलणारे, सगळ्यांना नावाने ओळखणारे. दोन्हीकडची पॅकेजं एकाच कोठारात आणायची होती, आणि दोन्हीकडे निम्म्या फायली एकाच नावाच्या. साहेबांनी नियम सांगितला. प्रत्येक पॅकेजचा सांभाळणारा एकच असेल, त्याचं नाव यादीत लागेल. ज्याच्याकडे सांभाळायला एकही पॅकेज उरणार नाही, तो अतिरिक्त. “किसी को निकाल नहीं रहे हैं,” ते हसून म्हणाले, “बस डुप्लिकेट हटा रहे हैं.”

पॅकेज काढून टाकायची सुभेदारांची एक जुनी पद्धत होती, ती त्यांनी नव्या साहेबांकडून मंजूर करून घेतली. काढायच्या पॅकेजचं नाव आठवडाभर भिंतीवर लावायचं. शनिवारी बारा वाजता काढणाऱ्याने खोलीच्या मधोमध उभं राहून तीनदा हाक द्यायची, “याच्यावाचून कोणाचं अडतंय?” कोणी हात वर केला तर पॅकेज राहिलं. तिसऱ्या हाकेपर्यंत कोणी बोललं नाही तर गेलं. मालकाने मात्र तोंड उघडायचं नाही. “मालकाला आपलं सगळंच हवं असतं,” सुभेदार म्हणत. “ज्याचं अडतं त्याने बोलावं.”

पहिली पाळी अण्णांच्या लायब्ररीची आली, हाक सुभेदारच देणार होते. अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत. जुन्या खडखडणाऱ्या प्रिंटरांची एक लायब्ररी ते पंधरा वर्षं सांभाळत होते, आणि हिवाळ्यात रोज घरून एक पेरू आणून त्याची अर्धी फोड तिखटमीठ लावून मला देत. त्यांच्याकडे ती एकच लायब्ररी होती. माझा एक छोटासा प्रोग्रॅम तिच्यावर चालत होता. मी हात वर केला असता तर लायब्ररी राहिली असती आणि अण्णाही राहिले असते. पण हात वर केला की सुभेदार उभं करणार, ‘काय अडतंय ते वाचा’ म्हणणार. पहिली हाक झाली. दुसरी झाली. अण्णा सुभेदारांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझा हात मांडीवर होता, तो मांडीवरच राहिला. तिसऱ्या हाकेनंतर अण्णांनी डबा पिशवीत भरला. महिनाअखेर ते गेले. सुभेदारांनी अण्णांची नोकरी खाल्ली असं मी शहराच्या साऱ्या लष्कर भागात सांगत फिरले. माझ्या हाताचं मी कोणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मग सुभेदारांची पाळी आली. त्यांच्याकडेही एकच लायब्ररी होती. तपासणाऱ्याने जास्त जवळ ठेवू नये, असं म्हणून बाकी सगळी पॅकेजं त्यांनी केव्हाच आम्हांत वाटून टाकली होती. ही मात्र त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने लिहिली होती. जुन्या टंकात टाइप केलेला मजकूर नव्या अक्षरांत बदलून देणारी. जुने कागद घरी नेऊन, भिंग लावून, एकेक जोडाक्षर जुळवून त्यांनी ती उभी केली होती. धीमी होती, त्यांच्यासारखीच, पण अक्षर गाळत नसे. इंदूरकडे त्याच कामाची, त्याच नावाची, त्याच जागी बसणारी दुसरी लायब्ररी होती. ती तरुण आणि चपळ. ही भांडणं सोडवायचं काम आमच्याकडे पाळीपाळीने येई, आणि तो कागद माझ्या पाळीला आला. सुभेदारांनी स्वतः आणून टेबलावर ठेवला. “मोघे, हे तुमच्याकडे आलंय.” पुढे एक शब्द नाही. ज्याच्याकडे भांडण आलं त्याने मार्ग निवडायचा, मालकाने बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. ती लायब्ररी गेली तर तेही जाणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घरी ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं, छंद नव्हता, मित्र तर नव्हताच. ती खुर्ची सोडून त्या माणसाला दुसरं काही नव्हतं.

मार्ग उघड होता. त्यांच्या लायब्ररीच्या नावापुढे आकडा घालायचा, निराळी जागा द्यायची, तिच्यावर चालणाऱ्या नऊ प्रोग्रॅमना नवं नाव कळवायचं. चूल वेगळी, अर्धा दिवस. मी तीन आठवडे घालवले. ते नऊच्या नऊ प्रोग्रॅम एकेक करून उसवले आणि इंदूरच्या लायब्ररीला जोडले. एरवी पाच वाजता पिशवी उचलणारी मी सहा-सहा वाजेपर्यंत बसत होते. द्वेषाला कष्टाचं काही वाटत नाही. शेवटी इंदूरच्या गाठोड्याच्या चिठ्ठीवर मी दोन ओळी लिहिल्या. हे त्याची जागा घेतं. हे त्याच्याबरोबर राहू शकत नाही. या दोन ओळी असल्या, की नवं गाठोडं जिथे जिथे जाईल तिथलं जुनं यंत्र स्वतःच काढून टाकतं. जबरदस्तीची गरज पडत नाही. सगळं नियमात.

तपासायला ते त्यांच्याकडेच गेलं. खातं त्यांचं होतं. पहिल्यांदा लाल शेरा आला, ‘बदलाचं कारण लिहिलेलं नाही.’ मी कारण लिहिलं. जुनी लायब्ररी मंद आहे आणि तिचा सांभाळणारा एकटा आहे, असं लिहिलं. दोन्ही खरं होतं. दुसऱ्यांदा आलेला शेरा मी जन्मभर विसरणार नाही. नवव्या प्रोग्रॅमचा एक कोपरा माझ्या नजरेतून सुटला होता. तो अजूनही गुपचूप जुन्या लायब्ररीवर टेकून उभा होता. सुभेदार नुसते गप्प राहिले असते, तर शनिवारी त्या प्रोग्रॅमवाल्याचं अडलं असतं, त्याने हात वर केला असता, आणि लायब्ररी वाचली असती. त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली होती आणि बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, ‘हा अजून जुन्यावर अवलंबून आहे. सुटला आहे. पुरा करावा.’

चूल वेगळी करायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. मग मला वाळून भेगा पडलेली ती हळद आठवली. मी पुरा केला.

तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त एका ठिकाणचं जादा अंतर दाखवलं. चौथ्या वेळी कागद आला तो निळ्या सहीने. शाई वाळलेली नव्हती.

शनिवारी बारा वाजता मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. नवे साहेबही आले होते. मी पहिली हाक दिली, “याच्यावाचून कोणाचं अडतंय?” खालच्या दुकानात कोणी तरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. दुसरी हाक दिली. सुभेदार गोरखीच्या शाळेत शिकले होते, आणि तिथे शिकवलं असेल तसे दोन्ही हात टेबलावर ठेवून ताठ बसले होते. वरचं बटण लावलेलं. तिसरी हाक दिली. कोणाचंही अडत नव्हतं. अडू नये म्हणून मी तीन आठवडे राबले होते. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला, हाकेला पुरेसा वेळ मिळावा म्हणून ते नेहमीच जाऊ देत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे. बसा.”

सहा वर्षांत त्यांनी मला ‘बरोबर आहे’ म्हटलं ते तेवढंच.

निरोपाला नारळ, शाल आणि तिळगुळाच्या गजकाचा डबा झाला. साहेबांनी सुंदर भाषण केलं, हिंदीत. सुभेदारांनी नारळ घेतला, शाल घडी घालून परत खोक्यात ठेवली, आणि टेबलाचे खण रिकामे आहेत की नाहीत ते दोनदा उघडून पाहिलं. पुढच्या सोमवारी त्यांची खुर्ची मला मिळाली.

तीन-चार महिन्यांनी एका यादीवर त्यांची सही राहून गेल्याचं साहेबांच्या लक्षात आलं. ती आणायला मी शिंदे की छावनीत त्यांच्या घरी गेले. थंडीचे दिवस होते. दार काकूंनी उघडलं. “या ना, या. ते आत्ताच न्हाणं करून उन्हात बसले आहेत. खाणं खाऊनच जायचं हं.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “पहिले तर मला पण नियम सांगत राहायचे. डबे कसे लावायचे, पोळ्या कशा मोजायच्या. मी किती चिडायची. आता काहीच नाही बोलत. मी मुद्दाम साखरेच्या डब्यात मीठ भरून पाहिलं, तरी चूप.”

अंगणात ते खुर्चीवर बसले होते. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. ते पाहून मला माझ्याच घरातलं कोणी तरी गेल्यासारखं झालं. यादी त्यांनी ओळ न ओळ वाचली, मगच सही केली. मी कागद घडी करत होते तेव्हा ते म्हणाले, “एक विचारायचं होतं. तुला.” सहा वर्षांत पहिल्यांदा ‘तू’. “तिथे चूल वेगळी करता आली असती. तुझ्या ते लक्षात आलं होतं का?”

माझ्याजवळ दोन उत्तरं होती. ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं, की मला सगळं येत होतं आणि मी जाणूनबुजून त्यांना घराबाहेर काढलं. मग मी दुष्ट ठरले असते, पण त्यांचं शिकवणं खरं ठरलं असतं. त्या उन्हात बसून, मीठ की साखर हे न कळता, त्यांना हेच एक समजून घ्यायचं होतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. त्यांना लायब्ररी परत नको होती. क्षमा तर मुळीच नको होती. एवढं सगळं मला स्वच्छ दिसत होतं.

“नाही सर,” मी म्हटलं. “नाही लक्षात आलं.”

त्यांनी विश्वास ठेवला. तो ते नेहमीच ठेवत.

“मग मी नीट शिकवलं नाही,” ते म्हणाले. “घाईघाईत शिकवलं असेल. चित्रही मी वाईट काढलं होतं. तुला त्या चुली म्हणून ओळखूच आल्या नसतील.”

काकूंनी आतून जेवायला हाक मारली. मी काम आहे म्हणून निघाले. रस्त्यावर येऊन दोनदा मागे वळले. परत जाऊन खरं सांगायला चाळीस पावलंही पडली नसती. मी गेले नाही. उन्हाळा लागायच्या आत सुभेदार गेले, अण्णांनी मला फोन करून सांगितलं.

आता मी तपासते. माझ्याकडेही लाल पेन आहे, आणि माझ्या पाठीमागे पोरं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला माझी जुनी वही उघडून तेच पान दाखवते. दोन वेड्यावाकड्या आकृत्या, आणि खाली तेविसाव्या वर्षीच्या माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, ‘कुणाला घराबाहेर काढायच्या आधी हे करून बघायचं असतं.’ पोरं पान बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “समझ गए मॅडम, दो चूल्हे.” हे चित्र कशाचं आहे, असं आजपर्यंत एकानेही मला विचारलेलं नाही.